हजेरीच्या वहीतला जून

"आई, पब्लिक पॉलिसी म्हणजे काय माहीत आहे तुला?"

थोरलीनं हे विचारलं तेव्हा मी अंगणवाडीतून भिजून आले होते आणि पिशवीतली रजिस्टरं काढून चुलीजवळ वाळत ठेवत होते. २०२२ सालचा गणपती. ती बेळगावात, शहापूरला आत्याकडे राहून पहिल्या पीयूसीला, म्हणजे अकरावीला, शिकत होती आणि सणाला घरी आली होती.

"नाही बाई," मी म्हटलं.

"सरकार एखादी योजना का आणतं, ती कशी राबवायची ठरतं, आणि ज्याच्यासाठी आणली त्याच्यापर्यंत ती पोचते की नाही, ह्याचा अभ्यास. सर म्हणाले, त्याची डिग्री असते म्हणून."

"मग ते तर आमचंच काम की."

"तुझं काम शेवटच्या टोकाचं. मला वरच्या टोकाला काय होतं ते शिकायचंय."

त्या दिवसापासून तिचा प्रवेश होईपर्यंत दोन वर्षं गेली. आता गावातल्या, शेजारच्या वाड्यांतल्या बाया मला विचारतात, "तुमची पोरगी काय शिकती? कसं मिळालं? आमच्या पोरीला मिळेल काय?" प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून हे लिहून काढलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. घरची दोन एकर भातशेती, थोडे काजू, आणि माझं अंगणवाडीचं मानधन. गाव मराठी. माझं प्रशिक्षण मात्र कन्नडमध्ये झालं, परिपत्रकं कन्नडमध्ये येतात. आधी मी ती अक्षर अक्षर लावून वाचते, मग बायकांना मराठीत समजावते. इतकी वर्षं हे चालू आहे. थोरली लहानपणापासून माझ्या शेजारी बसून हे बघत आली. कणकुंबीही आम्हाला लांब नाही. म्हादई नदीचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी तिथली जमीन उकरलेली तिनं शाळेच्या वयात पाहिली. १४ ऑगस्ट २०१८ ला म्हादई लवादाचा निवाडा आला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी, तेव्हा ती वडिलांच्या मागे लागली होती. टीएमसी म्हणजे किती? कुणी मोजलं? नदी आमच्या तालुक्यात उगम पावते, तर आम्हाला कुणी विचारलं काय? ह्यांना काही सांगता येईना. तिला हा विषय कुठून लागला असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच.

शोध सुरू केला आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की बारावीनंतर 'सार्वजनिक धोरण' ह्या नावाची पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. आपल्याकडे हा विषय मुख्यतः पदवीनंतरचा. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये त्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१४ पासून आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. बारावीनंतर लगेच हवं असेल तर हरियाणात सोनिपतचं जिंदाल विद्यापीठ, पुण्याजवळचं फ्लेम विद्यापीठ, आणि पुण्यातच एमआयटी विद्यापीठात शासन आणि प्रशासन विषयाची पदवी. जिंदाल आणि फ्लेमच्या शुल्काचे आकडे थोरलीनं वाचून दाखवले तेव्हा ह्यांनी नुसतं आढ्याकडे बघितलं.

खरं म्हणजे नावामागं लागण्यात आमचं वर्षभर गेलं. अभ्यासक्रमांची पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली तेव्हा लक्षात आलं की सगळीकडे पाया तोच आहे: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, थोडी आकडेवारी आणि गावात जाऊन केलेलं काम. हे विषय बेळगावातही आहेत. १९३३ पासूनचं लिंगराज कॉलेज आहे, राणी पार्वती देवी कॉलेज आहे, शुल्क आम्हाला झेपणारं आणि आत्याचं घर जवळ. ही वाट आम्ही शेवटपर्यंत हाताशी ठेवली होती आणि तिला मी कधीही कमी मानलं नाही. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाची लोकप्रशासनाची पदवीही आहे, तिचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात.

'लीडरशिप' ह्या शब्दाबद्दल मात्र सावध राहा, असं प्रत्येक आईला सांगते. दुसऱ्या पीयूसीच्या सुरुवातीला एका ओळखीच्यांनी आम्हाला बेळगावातल्या एका प्रवेश सल्लागाराकडे पाठवलं. गार खोली, चकचकीत पुस्तिका. पानापानावर लीडरशिप. त्यानं तासभर सांगितलं की मुलगी पुढं मोठमोठ्या मंत्र्यांबरोबर काम करील, आणि शेवटी म्हणाला, "आज पंचवीस हजार भरा, सीट पक्की करतो." थोरलीनं विचारलं, पहिल्या वर्षी कुठले विषय असतात? त्याला ते सांगता आलं नाही. शिकवणारे कोण? तेही नाही. आम्ही चहा न घेता उठलो. बसमध्ये बसल्यावर माझा हात धरून ती म्हणाली, "आई, तू दरवर्षी चाळीस घरांत जाऊन बायकांना डॉक्टरकडे जायला लावतीस, त्याला लीडरशिप म्हणतात." मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही.

ह्या सगळ्यात एक चूक झाली ती गणिताची, आणि ती लवकर सांगायला हवी, कारण ती दहावीनंतरच्या जूनमध्येच होते. थोरलीनं कला शाखेत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असा गट घेतला. तिच्या आवडीचे विषय, आम्हीही खूश. पुढं दिल्ली विद्यापीठाची माहिती काढली तर अर्थशास्त्राच्या ऑनर्ससाठी प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर लागतो. ते दार बंद. पुण्याची गोखले संस्था, १९३० साली भारत सेवक समाजानं काढलेली, तिथं अर्थशास्त्राची बीएस्सी आहे. तीही गणित सोडलेल्या पोरीनं धाडसानं बघायची गोष्ट. धोरणाचा अभ्यास म्हणजे शेवटी मोजणं आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ज्यांची मुलगी आत्ता दहावीत आहे त्यांनी पीयूसीला जाताना संख्याशास्त्र किंवा गणित असलेला गट आसपास कुठं मिळतो का, एवढं नक्की विचारावं. आवड नसली तरी दोन वर्षं सोसावं.

महाराष्ट्राच्या सवलतीबद्दलही बरेच जण विचारतात. आमचं गाव ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे त्यांत येतं. अभियांत्रिकीच्या सीईटी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी वर्गवारी आहे. सीमाभागातल्या शाळेतून उत्तीर्ण झाल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला द्यावा लागतो. माझ्या दिराचा मुलगा त्यातून गेला. थोरलीला अभियांत्रिकी नको होती, त्यामुळं तिला त्याचा उपयोग नव्हता. दीर म्हणाले, "सवलत आहे तर घे की इंजिनियरिंग. बीए करून काय करणार?" तिनं शांतपणे सांगितलं, "काका, रस्ता इंजिनियर बांधतो. खरं, कुठल्या गावाला आधी बांधायचा ते कोण ठरवतं?" दिरांनी त्यानंतर विषय काढला नाही. पुढं बेंगळुरूला जाताना तिच्या हातात दोन हजार ठेवले ते त्यांनीच.

शेवटी चार ठिकाणी अर्ज करायचे ठरले. बेळगाव, तुळजापूर, दिल्ली आणि बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. तुळजापूरला टाटा संस्थेचं आवार १९८६ पासून आहे. ह्यांचा ओढा तिकडं होता. भवानीच्या पायाशी पोरगी राहील, भाषा आपली, आणि अंतरही बेताचं. दिल्ली आणि तुळजापूर दोन्हीसाठी सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. ही परीक्षा १३ भाषांतून देता येते आणि त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. आमच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच जणी इंग्रजीच्या भीतीनं अर्जच भरत नाहीत. थोरलीनं स्वतः इंग्रजीतून दिली, दोन वर्षं पीयूसी इंग्रजीतून झाली होती म्हणून.

अझीम प्रेमजीचं शुल्क पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हटलं, हे आपलं नव्हे, काढून टाक. तिनं खालचं वाचायला लावलं. घरच्या उत्पन्नाप्रमाणे शिक्षण शुल्क आणि राहण्याचा खर्च ह्यांत सवलत, अगदी शंभर टक्क्यांपर्यंत. मला ते खरं वाटेना. सल्लागाराचा अनुभव ताजा होता. तिच्या पीयूसीच्या सरांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याशी फोनवर बोलणं करून दिलं तेव्हा कुठं विश्वास बसला. पाटीवर लिहिलेलं शुल्क आणि आपल्याला प्रत्यक्ष भरावं लागणारं शुल्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या हिशेबात, सवलत मिळाली तर सगळ्यांत महाग दिसणारं विद्यापीठ दिल्लीच्या स्वस्त कॉलेजापेक्षा स्वस्त पडत होतं, कारण दिल्लीत वसतिगृह मिळेल याची खात्री नव्हती आणि खोलीचं भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मग कागद. ह्या भागाबद्दल मी तासभर बोलू शकते.

उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, काढावा लागतो आणि त्यावर आरडी नंबर असतो. तो नंबर पुढं सगळीकडे लागतो, राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरही. दाखल्यावर ह्यांचं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, थोरलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसऱ्या. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिलं, कन्नडमधून इंग्रजीत गेलं, की आडनावाचं शेवटचं अक्षर बदलतं. जमिनीच्या उताऱ्यावर तर अजून आजोबांचंच नाव. आधार दुरुस्त केलं, मग दाखला पुन्हा काढला. ह्यात सात हेलपाटे झाले, म्हणजे माझ्या सात रजा. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली सुरू झालेली रैत विद्यानिधी योजना होती. तिच्यात बीएच्या मुलीला वर्षाला ५,५०० रुपये ठरवलेले होते. त्यासाठी शेतकऱ्याचा एफआयडी क्रमांक लागायचा आणि तो उताऱ्याला जोडलेला असतो. उतारा आजोबांच्या नावावर म्हणून तेही अडलं. वारसाची नोंद करायचं काम आम्ही वर्षानुवर्षं 'बघू की' म्हणून पुढं ढकलत आलो होतो. ते शेवटी पोरीच्या शिक्षणापायी झालं. मुलगी पहिल्या पीयूसीला असतानाच आधार, गुणपत्रिका, उतारा आणि बँकेचं पुस्तक एका ओळीत मांडून नावं जुळतात का बघा. आम्ही ते अर्जाच्या महिन्यात केलं आणि फार धावलो.

अझीम प्रेमजीच्या प्रवेश परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. इंग्रजी उतारे, तर्काचे प्रश्न, आकडेमोड. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला, आकडेमोड अवघड गेली म्हणाली. पुन्हा ते गणितच. तरी मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत तिला विचारलं, आई काय करते? तिनं माझ्या कामाबद्दल सांगितलं आणि ओघात मातृपूर्ण योजना निघाली. ही योजना २ ऑक्टोबर २०१७ ला राज्यभर सुरू झाली. गरोदर आणि बाळंत बायांनी दुपारी अंगणवाडीत यायचं आणि गरम जेवण तिथंच जेवायचं. भात, आमटी, भाजी, अंडं, दूध, चिक्की. महिन्यातले पंचवीस दिवस. थोरलीनं सांगितलं की आमच्याकडे ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या बाया पावसाळ्यात येऊ शकत नाहीत. सातव्या महिन्याची बाई निसरड्या साकवावरून एका जेवणासाठी कशी येणार?

त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. मग सरकारनं शिधा घरी का दिला नाही? घरी देणं तर सोपं होतं.

ती म्हणाली की ती क्षणभर गप्प झाली. मग तिला आमच्या शेजारचं घर आठवलं. तिथं सून सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, अंडं आलं तर ते दिराच्या ताटात जातं. तिनं तेच सांगितलं. शिधा घरी गेला की तो घराचा होतो, जेवण अंगणवाडीत झालं की ते तिचं होतं. म्हणून योजना आखणाऱ्याचं बरोबर आहे. आणि पावसात ती बाई उपाशी राहते, म्हणून आईचंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असताना काय करायचं, तेच मला शिकायचं आहे, असं ती म्हणाली.

हे ऐकून मी रात्रभर जागी होते. पहिली दोन वर्षं मी ह्या योजनेवर मनात रागावलेली असे. बायांना इथं कशाला बोलावता, वाटून टाका की घरी, असं बैठकीतही एकदा बोलले होते. घरातल्या ताटाचा विचार त्यामागं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परिपत्रकात 'काय करा' असतं, 'का' नसतं.

१० एप्रिल २०२४ ला दुसऱ्या पीयूसीचा निकाल लागला, चांगला लागला. मग वाट बघणं. त्याच मे महिन्यात राज्य सरकारनं चार वर्षांची ऑनर्स पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाच्या अंतरिम अहवालानंतरचा तो निर्णय. २०२१ मध्ये चार वर्षांची पद्धत आणणारं कर्नाटक देशातलं पहिलं राज्य होतं आणि तीन वर्षांत माघारी फिरलं. त्यामुळं बेळगावात घेतलं तर तीन वर्षं, दुसरीकडे चार, अशी नवी आकडेमोड घरात सुरू झाली. आत्या म्हणाली, एक वर्ष वाचतंय तर इथंच ठेव. ते बोलणं चुकीचं नव्हतं.

सीयूईटीचा निकाल लांबत लांबत २८ जुलैला लागला. तोवर बेळगावातल्या कॉलेजांत नाव घालायची वेळ टळून चालली होती. आम्ही तिथवर थांबलो नाही. मे महिन्यात अझीम प्रेमजीचं पत्र आलं होतं: समाजविज्ञानाची चार वर्षांची पदवी, शिक्षण शुल्क आणि निवास दोन्ही माफ. ह्यांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा मराठीत वाचून घेतलं. तुळजापूरचा निकाल बघायला थांबावं असं त्यांच्या मनात होतं, मी पाहिलं त्यांच्याकडे, पण ते बोलले नाहीत. थोडा वेळ गोठ्यात जाऊन आले आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. देवीला आपण जाऊन सांगू."

बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालो, सकाळी बेंगळुरू. विद्यापीठ सर्जापूरच्या बाजूला, शहरापासून लांब. तिच्या खोलीत एक मुलगी झारखंडची, एक केरळची. मी परत फिरताना ती फाटकापर्यंत आली आणि कन्नडमध्ये रिक्षावाल्याशी भाडं ठरवून दिलं. आमच्याकडे शाळेत कन्नड शिकावं लागतं म्हणून बरीच मराठी मुलं कुरकुरतात. तीही कुरकुरत असे. आता ती घरी मराठी, वर्गात इंग्रजी आणि कामासाठी गावांत गेली की कन्नड बोलते.

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही. इंग्रजीत दहा पानं वाचून दुसऱ्या दिवशी त्यावर बोलायचं म्हणजे रात्री दोन वाजत. आकडेवारीत पहिल्या परीक्षेत कमी पडली आणि फोनवर रडली. मी काय सांगणार, ऐकत राहिले. दिवाळीला आली तेव्हा मात्र मला एक गोष्ट सांगितली. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असं संरक्षण देशपातळीवर मान्य झालेलं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेत ३५० ब हे कलम १९५६ सालीच घातलं गेलं आणि त्यासाठी केंद्राचा वेगळा अधिकारी नेमायची तरतूद आहे. मी हातातलं काम ठेवून ऐकत होते. सीमाप्रश्नाच्या सभा मी लहानपणापासून ऐकल्या, १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाळलेला पाहिला. खरं, माझ्या परिपत्रकाच्या भाषेला असा आकडा आणि असं कलम लागू होतं, हे मला माझ्या पोरीनं सांगितलं.

गेल्या जूनमध्ये ती सुट्टीला आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, मातृपूर्णची हजेरी काढ की. तीन वर्षांची."

आम्ही ओसरीवर बसलो. मी नावं आणि महिने वाचत होते, ती वहीत रेघा मारत होती. मे महिन्यात ओढ्यापलीकडच्या बायांच्या नावापुढं जवळजवळ सगळ्या खुणा भरलेल्या. जून उघडला की पहिल्या आठवड्यानंतर रकाने मोकळे. शेऱ्याच्या जागी मी कन्नडमध्ये एकच शब्द लिहीत गेले होते, 'मळे'. म्हणजे पाऊस. तीन वर्षांच्या तिन्ही जूनमध्ये तोच शब्द, ओळीखाली ओळ.

"हे वर कुणी बघितलं काय?"

"सह्या झाल्यात बघ की, प्रत्येक महिन्याला."

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग विचारलं, "त्यांच्या वाडीतलं शेवटचं घर साकवापासून किती लांब आहे?"

मोजलेलं कधी नव्हतं. बाहेर पाऊस थोडा उणावला होता. खुंटीला प्लास्टिकच्या दोन खोळी होत्या, त्यातली एक तिला दिली, आणि आम्ही ओढ्याकडे निघालो.